कमावलेली आणि उसनी

“सापावरचं इंजेक्शन एकदा टोचलं, आता जन्माची धास्ती गेली ना हो?” हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. उत्तर ऐकून माणसे हिरमुसतात, कारण उत्तर ‘नाही’ असे आहे!

रोगाशी झुंजण्याची शक्ती दोन वाटांनी येते. एक कमावलेली, दुसरी उसनी. गोवर येऊन गेला किंवा लस टोचली, की शरीर शत्रूला ओळखते आणि प्रतिपिंडे स्वतः घडवू लागते. त्याला एकदोन आठवडे लागतात. पण ही विद्या महिनोन् महिने, कधी जन्मभर टिकते. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, ती याच जातीची.

पण फुरसे चावलेल्या माणसाला पंधरवड्याची सवड कोठली? तिथे उसनेच आणावे लागते. घोड्याला विषाच्या चढत्या मात्रा बेताने टोचतात. तो प्रतिपिंडे तयार करतो. ती त्याच्या रक्तातून वेगळी काढून रोग्याच्या शिरेत सोडतात. कमाई घोड्याची, उपभोग आपला! या युक्तीचे मूळ बेरिंग व किटासाटो यांच्या १८९० च्या घटसर्प-धनुर्वातावरील प्रयोगांत आहे. १९०१ साली वैद्यकाचे पहिलेच नोबेल पारितोषिक बेरिंग यांना मिळाले.

मात्र उसने धन पुरत नाही. दिवसा-आठवड्यांत ते सरते आणि शरीर स्वतः काहीच शिकलेले नसते. आईने नाळेतून बाळाला दिलेली शिदोरीही काही महिन्यांचीच. शिवाय ती शिल्लक असता गोवराची लस टोचली, तर आईची प्रतिपिंडे लशीलाच निकामी करतात. म्हणून आपल्याकडे ती नऊ महिने पुरे झाल्यावर देतात.

पिसाळलेला कुत्रा चावला, तर मात्र दोन्ही हवीत. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. खोल जखमेत तयार प्रतिपिंडे भरतात. ती लस कामाला लागेपर्यंत खिंड लढवतात. “जखमेत इंजेक्शन दिलंय, आता पुढच्या लशी कशाला?” असे म्हणणारे भेटतात, तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकतो. उसने संपले आणि कमाई झालीच नाही, तर? या रोगाची लक्षणे दिसल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. तेव्हा वाचकहो, लशीची एकही तारीख चुकवू नका!