चोडणला पक्षी बघायला निघताय? आधी तिथी बघा

फाल्गुन-चैत्राचे दिवस म्हणजे गोव्यातल्या चोडण बेटावर पाहुणे पक्षी बघायची हंगामातली शेवटची संधी. थंडीत उत्तरेकडून आलेले बहुतेक पाणपक्षी एप्रिल संपेपर्यंत परतीला लागलेले असतात. पण रविवार मोकळा मिळाला म्हणून बेळगाव किंवा सावंतवाडीहून गाडी काढली, असं केलं तर कधी कधी नुसतं पाणी बघून परतावं लागतं. इथे सुट्टीपेक्षा तिथी महत्त्वाची.

नदी आपलीच, पाणी समुद्राचं

खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई सत्तरीत उतरते आणि पुढे मांडवी म्हणून समुद्राला मिळते. चोडणपाशी तिच्यात दिवसातून दोनदा भरतीचं खारं पाणी चढतं, दोनदा उतरतं. बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ मध्ये जाहीर झालेलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, आणि बहुतेक सगळं खारफुटीचं.

पाऊणपटीचा हिशेब

किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी सांगतात. पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल तो आकडा पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, तास-दीड तास इकडेतिकडे होतो.

आता हे पक्ष्यांना लावून बघा. अष्टमीला उजाडताना चिखल पाण्याखाली असतो आणि तो पुरता उघडा पडेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. होळी पौर्णिमेला किंवा पाडव्याच्या आधीच्या अमावास्येला मात्र पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी. सूर्य उगवताना चिखल उघडा असतो, पक्षी खाण्यात गुंतलेले असतात. मग पाणी चढत जातं, तसतसे ते काठाकडे, म्हणजे तुमच्याकडे सरकतात. शिवाय ही उधाणाची भरती-ओहोटी, त्यामुळे चिखलही जास्त उघडतो.

एकाच चिखलात अनेक पंगती

खारफुटीची पानं गळून कुजतात. त्यावर खेकडे, गोगलगायी, किडे पोसले जातात, आणि त्यांच्यावर पक्षी. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचं टिपतो. टिलवा थोडं खोल जातो. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा कोरल बिळात खोल चोच घालून खेकडा ओढतो. चोच वेगळी, खोली वेगळी, म्हणून भांडण कमी.

या दिवसांत त्यांना दुप्पट खायचं असतं, कारण पुढे हजारो किलोमीटरचा प्रवास आहे आणि शिदोरी म्हणजे अंगातली चरबी. त्यांचे रंगही बदलताना दिसतात. कुरव पक्ष्यांचं पांढरं डोकं चॉकलेटी होऊ लागतं, काही चिखल्यांच्या छातीवर तांबूस छटा चढते. अशा वेळी फोटोसाठी थवा उडवला, तर त्यांची खाण्याची वेळही जाते आणि साठवलेली ताकदही.

रानात फुलांखाली थांबा

चिखलातले पाहुणे निघायच्या तयारीत असतात, तेव्हा रानातल्या पक्ष्यांचा हंगाम सुरू होतो. दयाळ गायला लागतो, तांबटाची ‘टुक टुक’ दिवसभर चालते. चोर्ला घाटातून येणार असाल तर वाटेत सावर, पांगारा, पळस फुललेले दिसतील. हिंडत बसण्यापेक्षा अशा एका झाडापासून थोडं दूर अर्धा तास गप्प उभं राहावं. मैना, कोतवाल, शिंजीर, बुलबुल, पर्णपक्षी मधासाठी आपणहून येतात.

हे रान आणि तो चिखल एकाच नदीचे. फेब्रुवारीपासून नदीचं गोडं पाणी आटत जातं आणि खारं पाणी बरंच वर चढतं. त्या काळात जे थोडं गोडं पाणी येतं, ते भीमगड आणि म्हादई अभयारण्याच्या डोंगररानांत मुरलेल्या पावसाचं. म्हादईच्या पाणीवाटपावर लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला, पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कुठल्या राज्याला किती, यावर बोलताना नदीच्या मुखाशी काय जगतं, हेही मोजायला हवं.

भरतीत पक्षी जातात कुठे?

चिखल बुडाला की पक्षी विसावायला आतल्या खाजन शेतांकडे जातात. ही शेतं खाडीला बांध घालून मिळवलेली. बांधातली ‘मानस’, म्हणजे लाकडी झडप, भरतीत आपोआप मिटते आणि ओहोटीत उघडते. बांध फुटला की खारं पाणी शिरून भात जातं. शेतात भराव पडला की पक्ष्यांची विसाव्याची जागा जाते. म्हणजे अभयारण्याची हद्द राखणं पुरेसं नाही, शेजारचं शेतही टिकायला हवं.

जाताना

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरलं की अभयारण्य जवळच. प्रवेशासाठी वनखात्याचं तिकीट लागतं. होडीतून खारफुटीच्या आत जायचं असेल तर पाणी भरलेलं हवं, म्हणून सकाळी चिखल आणि भरतीला होडी असा क्रम ठेवा. मळकट रंगाचे कपडे, दुर्बीण, पाणी आणि टोपी घ्या. बांधावरून चालताना कडेची माती ढासळू देऊ नका. आणि निघण्याआधी कॅलेंडरवर सुट्टीच्या लाल आकड्याखालची तिथी वाचा.