पिपाणी

‘पिपाणी’ हा शब्द अलीकडे पुन्हा कानावर पडू लागला, तो मुलांमुळे नव्हे, निवडणुकीमुळे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि नुसते ‘ट्रम्पेट’ अशी दोन वेगळी चिन्हे होती. दुसऱ्याला लोकांनी आपसूकच पिपाणी म्हटले. साताऱ्यात या पिपाणीला ३७ हजारांवर मते पडली आणि विजयाचे अंतर होते ३२ हजारांच्या आसपास. त्यावर जी चर्चा व्हायची ती झाली. आमचे लक्ष मात्र वर्गाकडे होते. सातवी-आठवीच्या मुलांना पिपाणी म्हणजे मतदान यंत्रावरचे चित्र एवढेच ठाऊक होते. ती ओठांना लावून वाजवायची असते, आणि ती घरी करता येते, हे त्यांच्या गावीही नव्हते.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पिंपळाचे कोवळे पान गुंडाळायचे, एक टोक चिमटीत दाबून चपटे करायचे आणि फुंकायचे. कोकणात माडाची पात गोल गोल गुंडाळून लांब पिपाणी करीत. उरुसात आणि जत्रेत कागदाच्या, पत्र्याच्या विकत मिळत, पण त्या पैसे देऊन घेतलेल्या. त्यांची ऐट दोन दिवसांची.

मुले याला सरसकट शिट्टी म्हणतात, आणि पुष्कळ घरांत आई-वडीलच तसे सुधारून देतात, कारण पिपाणी हा शब्द त्यांना गावंढळ वाटतो. आम्हाला हे पटत नाही. दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत. शिट्टीत फुंकर एका धारेवर आपटते आणि आवाज निघतो. पिपाणीत पानाच्या दोन कडा एकमेकींवर थरथरतात, म्हणून तो आवाज कापरा, नाकात बोलल्यासारखा येतो. सनईचेही तेच आहे. तिच्या तोंडाशी असलेली दुहेरी पत्ती अशीच थरथरते. बिस्मिल्लाह खाँसाहेबांचा जन्म बिहारमधल्या डुमरावचा. सनईच्या पत्तीसाठी लागणारे नरकट तिथल्याच नदीकाठी उगवते. पिंपळाचे पान आणि खाँसाहेबांची सनई यांच्यात अंतर फार मोठे आहे, पण नाते सख्खे आहे.

उर्दूत या खेळण्याला एक सुंदर शब्द आहे, पपैया. रुजलेली आंब्याची कोय घासून केलेली पिपाणी म्हणजे पपैया. पपैया, पपीहा हे एका पक्ष्याचेही नाव आहे. मराठीत त्याला आपण पावशा म्हणतो. उर्दू-हिंदीवाल्यांना तो ‘पी कहाँ’ विचारताना ऐकू येतो, आपल्या शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ सांगताना. पक्षी एकच, ऐकणारे कान वेगळे. तो ओरडू लागतो पावसाच्या तोंडावर, आणि परसात टाकलेल्या कोयी रुजतात त्याच सुमारास. पक्षी काय, खेळणे काय, दोघांची नावे त्यांच्या पी-पी आवाजावरूनच पडली असावीत असे आम्हाला वाटते.

हे सांगून झाल्यावर आम्ही मुलांना घरचा शब्द विचारून यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वहीत पिपाणी, पुंगी, पीपनी, बाजा असे शब्द आले. एकाने पपैया लिहून शेजारी चक्क पपई काढली होती. (गुण दिले, चित्र छान होते.) पुंगी लिहिणाऱ्याला ‘गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली’ ही म्हणही आजोबांकडून मिळाली होती.

एक वही मात्र कोरी होती. त्या मुलाच्या नानीला अर्धांगाचा झटका आल्यापासून नीट बोलता येत नाही. नातवाने विचारले तेव्हा तिला कळले. तिने चालत्या हाताची मूठ केली, खाटेच्या कडेवर ती मागे-पुढे घासली आणि ओठांशी नेली. घरच्यांना ती काय दाखवते आहे ते समजले, पण या वस्तूला ती काय म्हणत असे, ते कुणालाच आठवेना. तिच्या माहेरच्या गावात आता नात्याचे कुणी उरलेले नाही. मुलाने विचारले, कोणता शब्द लिहू? आम्ही त्याला नानीने हाताने जे केले ते लिहायला सांगितले. त्याने तीन ओळी लिहिल्या.

मृगाचा पाऊस पडून गेला की बोटभर कोंब आलेली कोय शोधावी. वरचे टणक कवच काढले की आतला गर दोन फाकांचा निघतो. कोंब मोडून गराचे एक टोक ओल्या दगडावर तिरके घासत राहावे, दोन फाकांमधली बारीक फट दिसू लागेपर्यंत. मग ती बाजू ओठांत धरून फुंकावे. चव तुरट लागते. पहिल्यांदा बहुधा नुसती हवाच जाते. आणखी थोडे घासावे.