गळलेल्या फळांची वेचणी

मलेशियातल्या मळ्यांत तेलताडाचा, म्हणजे ऑइल पामचा, घड पिकला की नाही हे शेंड्याकडे नव्हे, बुंध्याकडे पाहून ठरते. आळ्यात सुटी फळे पडू लागली, की कापणीची वेळ झाली. घड बहुधा 10 ते 25 किलोंचा, त्यात मोठ्या जांभळाएवढी हजारभर तरी फळे. लांब दांड्याच्या विळ्याने तोडलेला घड जमिनीवर आदळतो आणि आणखी फळे चौफेर उधळतात. घड उचलून गाडीत टाकता येतो. ही उधळण एकेक करून वेचावी लागते.

सोडून देण्याजोगा माल मात्र हा नाही. पूर्ण घडातून वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके तेल निघते, कारण देठ आणि कच्ची फळेही त्यात मोजली जातात. गळलेले फळ पुरते पिकलेले, म्हणून त्यात तेलाचे प्रमाण बरेच जास्त. ते पडून राहिले तर तेलात आम्ल वाढते आणि कच्च्या पामतेलात 5 टक्क्यांपर्यंतच ते खपवून घेतले जाते. शिवाय राहिलेले फळ आळ्यातच रुजते आणि पुढे तण म्हणून उपटावे लागते.

हे काम वाकून, हाताने किंवा दाताळ्याने होते. दाताळ्याने वेग वाढतो, पण गोणीत फळांबरोबर माती आणि पालापाचोळाही भरतो. मजूर बहुतेक इंडोनेशिया, बांगलादेश, नेपाळचे. 2020 मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या, मजूर येईनासे झाले आणि यंत्राची निकड सगळ्यांनाच पटली.

सर्वांत साधे यंत्र म्हणजे दांड्याला लावलेला तारांचा फिरता पिंजरा. फळावरून फिरवला की तारा फाकतात, फळ आत जाते आणि तारा पुन्हा मिटतात. ओल्या पाल्यात तो अडखळतो. दुसरा प्रकार हवेने ओढणारा. मलेशियाच्या पामतेल मंडळाने अशी अनेक यंत्रे घडवली. नळीतून आलेला माल टाकीत गरगरतो, जड फळ तळाशी बसते, हलका पाला बाहेर फेकला जातो. खडा आणि मातीचे ढेकूळ मात्र फळाइतकेच जड, त्यामुळे वारा त्यांना वेगळे करू शकत नाही. ओढ वाढवावी तर फळ नळीत आपटून ठेचले जाते आणि ठेचलेल्या फळात आम्ल आणखी लवकर चढते.

खरी अडचण अंतराची आहे. झाडे सुमारे 9 मीटरवर असतात आणि दर दहा-पंधरा दिवसांच्या फेरीत त्यांतल्या थोड्यांचेच घड पिकलेले असतात. ओढणाऱ्या यंत्राचे इंजिन पाठीवर घेऊन माणूस वेचण्यापेक्षा चालतोच जास्त. उतारावर किंवा दलदलीच्या जमिनीत तर ट्रॉलीवरच्या यंत्राचाही उपयोग नाही.

म्हणून काही संशोधक यंत्राऐवजी झाडाकडे वळले आहेत: फळ घडालाच धरून ठेवणारे वाण मिळाले तर वेचणीच नको. पण फळ गळले नाही तर घड पिकल्याचे कळणार कसे? नेहमीच्या जातींची काळपट फळे पिकताना लालसर होतात, पण उंचावरच्या घडात हा फरक खालून ओळखणे अवघड. हिरव्या फळांचाही एक प्रकार आहे. तो पिकल्यावर ठळक नारिंगी होतो आणि ते खालूनही दिसते.