जुन्या लॅपटॉपचे कान

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावीं ज्या घरांत कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत, त्या घरांत बहुधा एक जुना लॅपटॉपही असतो. थोरल्या भावासाठीं घेतलेला तो पुढें धाकट्या बहिणीकडे येतो. लिहिणें, हिशेब मांडणें, व्याख्यानें ऐकणें, हीं सारीं कामें तो मुकाट्यानें करतो; अडतें तें एकाच जागीं. राउटर बैठकींत, मुलगी मागल्या खोलींत प्रवेशाचा अर्ज भरीत बसलेली. आणि नेमकें शेवटचें पान पाठवावें, तोंच वाय-फाय तुटतें! मुदतीच्या अखेरच्या दिवशीं असें घडलें, म्हणजे सगळ्या घराचा जीव टांगणीला लागतो. मग सल्ला मिळतो कीं, यंत्र जुनें झालें, आतां नवें घ्यावें. नव्याची किंमत हजारोंच्या घरांत, आणि ती पगारांतून किंवा कापसाच्या चुकाऱ्यांतून काढावयाची. तो सल्ला मानण्यापूर्वीं एक गोष्ट जाणून घेणें अगत्याचें आहे. पुष्कळदां यंत्र म्हातारें झालेलें नसतें, केवळ त्याचे कान मंद झालेले असतात. आणि हे कान बदलतां येतात.

लॅपटॉपचा कान दोन भागांचा असतो. एक पोटांतील वाय-फाय कार्ड, आणि दुसरा बहुधा पडद्याच्या चौकटींत लपविलेली अँटेना. अँटेना ही कानाची पाळी. हवेंतील बिनतारी लहरी ती गोळा करते. कार्ड हा कानाचा आंतला भाग. त्या लहरींचा अर्थ तें लावतें. दोहोंना जोडणाऱ्या शेवयांसारख्या बारीक तारा बिजागरींतून खालीं उतरतात. हाच कान तोंडाचेंही काम करतो, कारण राउटरचें नुसतें ऐकून भागत नाहीं, त्यास उत्तरही द्यावें लागतें. राउटरचा आवाज मागल्या खोलींत पोंचला, परंतु लॅपटॉपचें उत्तर बैठकीपर्यंत पोंचलें नाहीं, तर पडद्यावर वाय-फायची खूण दिसते आणि काम मात्र होत नाहीं.

वाय-फायची पहिली प्रमाणपद्धति १९९७ सालीं ठरली. तिचा वेग सेकंदास २ मेगाबिट होता. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत तो १९९९ मध्यें ११ आणि २००३ मध्यें ५४ झाला. पुढें २००९, २०१३ व २०२१ सालीं आणखी सुधारलेल्या पद्धति आल्या. २००९ नंतरच्या कित्येक स्वस्त लॅपटॉपांत एकाच पट्ट्यावर आणि एकाच अँटेनावर चालणारें कार्ड बसविलेलें असे. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाटेवर त्याचा वेग कागदोपत्रीं ७२ मेगाबिट. २०१३ च्या पद्धतीचें दोन अँटेनांचें कार्ड ८० मेगाहर्ट्झच्या वाटेवर ८६७ पर्यंत जातें. घरांत प्रत्यक्ष मिळणारा वेग याहून पुष्कळच कमी असतो, तरी दोहोंतील अंतर ध्यानांत येण्यासारखें आहे.

वेगाहून मोठा प्रश्न गर्दीचा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतांत २००५ पासून परवान्यावांचून वापरण्यास खुला आहे. त्यामुळें शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथचीं यंत्रें, मायक्रोवेव्ह भट्टी, हीं सारीं त्याच रस्त्यानें जातात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्यें येथें अधिक मोकळा करण्यांत आला. तेथें वर्दळ कमी आणि रस्ता रुंद. परंतु त्या लहरी भिंतींतून जातांना अधिक थकतात. म्हणून दोन्ही पट्टे ऐकणारा कान असणें हिताचें.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. नवें कार्ड आणून बसविलें, आणि अँटेना तशीच जुनी राहिली, तर फरक थोडाच पडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, तर ५.५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारें साडेपांच. अँटेना सामान्यतः लहरीच्या पाव हिश्श्याच्या हिशेबानें कातरलेली असते; म्हणजे एकीसाठीं सुमारें तीन सेंटिमीटर, तर दुसरीसाठीं दीड सेंटिमीटरहूनही कमी. केवळ पहिल्या मापाची अँटेना दुसऱ्या लहरींना जवळजवळ बहिरी असते.

याचा मोठा दाखला महाराष्ट्रांतच आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तिचें २०१० नंतरच्या दशकांत नूतनीकरण झालें. तबकड्या त्याच राहिल्या. परंतु तबकडीनें एकवटलेल्या लहरी झेलणारे बहुतेक फीड आणि त्यांमागील ग्राहक यंत्रें दोन्ही नवीं बसविलीं. त्यामुळें एका वेळीं ऐकतां येणाऱ्या पट्ट्याची रुंदी ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० वर गेली. फीड जुनेच ठेवले असते, तर त्यांनीं न आणलेलें नव्या यंत्रानें ऐकलें तरी कसें असतें? जो न्याय दुर्बिणीस, तोच लॅपटॉपास.

तेव्हां प्रथम रोगाची परीक्षा करावी. लॅपटॉप आणि एक चांगला फोन एकाच मेजावर ठेवून वेग मोजावा. दोन्ही मंद असतील, तर दोष राउटरच्या जागेचा किंवा बाहेरून येणाऱ्या जोडणीचा. फोन वेगवान आणि लॅपटॉप मंद असेल, तर लॅपटॉप राउटरशेजारीं न्यावा. तेथें तो सुधारला, तर अँटेनेवर किंवा तिच्या तारेवर संशय घ्यावा. तेथेंही मंदच राहिला, तर कार्डावर. राउटरच एका पट्ट्याचा असेल, तर नव्या कार्डाचा बराचसा खर्च व्यर्थ जाईल.

मग खालचें झांकण उघडून दोन गोष्टी पाहाव्या : खांच कोणती आणि तारा किती. जुन्या लॅपटॉपांत मिनी पीसीआय एक्स्प्रेसची खांच असते, तर त्यामागून आलेल्यांत एम-२ ची. एकीचें कार्ड दुसरींत बसत नाहीं, आणि तारांच्या टोप्यांचें मापही निराळें असतें. पहिल्या खांचेसाठीं इंटेलचें ७२६० हें अर्ध्या मापाचें कार्ड दोन्ही पट्ट्यांवर चालतें. दुसरीसाठीं इंटेलचें एएक्स-२०० घेतां येतें. परंतु नांवानें त्याच्या अगदीं जवळचें एएक्स-२०१ इंटेलच्या ठराविक नव्या यंत्रांखेरीज चालत नाहीं. शिवाय जुन्या थिंकपॅडमध्यें आणि एचपीच्या कित्येक लॅपटॉपांत मान्य कार्डांची यादी बायोसमध्यें कोंडलेली असते. यादीबाहेरचें कार्ड दिसतांच यंत्र सुरू होण्यास नकार देतें. ही चौकशी खरेदीपूर्वींच करावी.

काम नाजूक आहे, पण अवघड नाहीं. नव्या कार्डाचें ड्रायव्हर सॉफ्टवेअर आधींच उतरवून ठेवावें, कारण कार्ड काढल्यावर जोडणी नसते. यंत्र पूर्ण बंद करावें, चार्जर काढावा, बॅटरी सोडवावी, आणि अंगांतील स्थिर वीज जावी म्हणून जमिनीशीं जोडलेल्या धातूस हात लावावा. तारांचें छायाचित्र घेऊन त्यांच्या टोप्या सरळ वर उचलाव्या. ओढूं किंवा पिरगळूं नयेत. एक स्क्रू काढला कीं, कार्ड तिरपें उभें राहतें. नवें त्याच कोनांत सरकवून, दाबून, स्क्रू लावावा, आणि टोप्या हलक्या हातानें बसवाव्या.

तार एकच निघाली किंवा अँटेना एकाच पट्ट्याची असली, तर पडद्याची चौकट उघडून दोन्ही पट्ट्यांची नवी अँटेना बसवावी लागते. ती धातूच्या पत्र्यामागें दडपूं नये, आणि तार बिजागरींत चिमटूं देऊं नये. एवढा खटाटोप नको असेल, तर बाहेरून यूएसबीस लागणारा, दोन्ही पट्ट्यांचा, उभ्या अँटेनेचा अडॅप्टर हा सोपा उपाय आहे. यंत्र उघडावें लागत नाहीं, आणि बायोसची यादीही आड येत नाहीं.

अर्थात् कान बदलल्यानें सारें आयुष्य परत मिळत नाहीं. विंडोज १० ला मिळणारी सर्वसाधारण सुरक्षेची जोड १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. हा दोष कोणत्याही कार्डानें भरून निघणारा नव्हे. परंतु ज्या यंत्राचें बाकीचें अंग धडधाकट आहे, तें केवळ ऐकूं येत नाहीं म्हणून भंगारांत घालणें हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. आधीं राउटरची जागा पाहावी, मग तारा मोजाव्या, मग कार्ड व अँटेना यांचा एकत्र विचार करावा; आणि नव्या यंत्राची वाट सर्वांत शेवटीं धरावी.