वऱ्हाडची राज्यांतरे

भाषा एक असली की माणसे एका राज्यात राहायला आपसूक राजी होतात, हा समज वऱ्हाडच्या इतिहासापुढे टिकत नाही. वऱ्हाडातल्या बार्शीटाकळीच्या बाजारात ‘का’ऐवजी ‘काऊन’ आणि ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ ऐकू येते. ती मराठीच, पण ती बोलणारा प्रांत शंभर वर्षांहून अधिक काळ पुण्या-मुंबईपेक्षा वेगळ्या राजवटीत वाढला.

१८५३ मध्ये निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला. मालकी मात्र कागदोपत्री निजामाचीच राहिली. त्याच्या थोरल्या मुलाला १९३६ मध्ये ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला तो त्यातूनच. कारभार नागपुरातून, मालक हैदराबादेत आणि कापूस मुंबईच्या बाजारात, असा हा तिहेरी संसार होता.

स्वातंत्र्य तोंडावर आल्यावर या वेगळेपणाची चिंता उघड झाली. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात संयुक्त महाराष्ट्र मान्य झाला, पण त्याच्या पोटात वऱ्हाड आणि नागपूरकडचा भाग मिळून महाविदर्भाचा स्वतंत्र उपप्रांत आणि त्याचे वेगळे विधिमंडळ असावे, अशी तजवीज होती. ती कागदावरच राहिली. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे आणि लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे आश्वासन दिले. अकोल्याचे नेते ब्रिजलाल बियाणी मात्र वेगळ्या विदर्भावर ठाम होते. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. पुढच्या वर्षी विदर्भ गेला तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्यानंतरही १९६२ मध्ये लोकनायक अणे आणि १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे वेगळ्या विदर्भाच्या मागणीच्या बळावर नागपुरातून लोकसभेत गेले.

मूळ एक म्हणून राज्यही एक, हा दावा इतरत्रही होतो. रशिया आणि युक्रेन यांच्या भाषा भिन्न आहेत, आणि १९९१ पासून ते दोन सार्वभौम देश आहेत. त्या वर्षीच्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक युक्रेनी मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला. तरी दोघे मुळात एकच लोक आहेत, असे पुतिन यांनी जुलै २०२१ मधल्या लेखात मांडले आणि २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा पूर्ण ताकदीने युक्रेनमध्ये घुसल्या. विदर्भाचा प्रश्न एका देशातल्या राज्याच्या सीमेचा. म्हणून दोन्हींची तुलना फार ताणू नये. पण मुळाचा हवाला देऊन आजच्या माणसांची इच्छा ठरवता येत नाही, एवढे दोन्हीकडे दिसते. विदर्भात वाद चालला तो करार, आयोग, आंदोलने आणि विकासाच्या अनुशेषाच्या हिशेबांतून. दांडेकर समितीने १९८४ मध्ये हा अनुशेष मोजला आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले. त्याची मुदत २०२० मध्ये संपली.

विदर्भ म्हणून बोलले जाते तेही एकजिनसी नाही. नागपूरकडे भोसल्यांचे राज्य होते, वऱ्हाडला निजामाचा वारसा. त्यामुळे अकोला-अमरावतीकडे वेगळ्या विदर्भाची गोष्ट निघाली, की राजधानी आणि निधी पुन्हा नागपुरालाच जाणार का, हा प्रश्न पाठोपाठ येतो.