मृत्युपत्राद्वारे लोकोपयोगी दान : शब्द, मिळकत आणि निष्पादक

प्रस्तावना

आपल्या परंपरेत दान पूर्ण होत असे ते उदक सोडल्यावर. दाता आणि घेणारा समोरासमोर असत. हातावरून पाणी सुटले की दात्याचा हक्क त्याच क्षणी संपे. (‘उदक सोडणे’ हा वाक्प्रचार आज आशा सोडण्याच्या अर्थानेच उरला आहे, हे थोडे खेदाचेच.) मृत्युपत्राद्वारे केलेले दान याच्या नेमके उलट असते. ते अमलात येते तेव्हा दाता हयात नसतो. त्याला काय म्हणायचे होते हे त्याला विचारता येत नाही आणि मागे उरतो तो केवळ कागद. धर्मशास्त्राने दानाचा एवढा विस्ताराने विचार केला, तरी मृत्युपत्राची स्वतंत्र संकल्पना त्यात विकसित झाली नव्हती. ती प्रथम इंग्रजी अमलातील महानगरांत रूढ झाली आणि १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने तिला नियमबद्ध रूप मिळाले.

आपल्या कमाईचा काही भाग आपल्या पश्चात एखादी शाळा, रुग्णालय वा ग्रंथालय यांस मिळावा, अशी इच्छा असणाऱ्या व्यक्तीची ती इच्छा प्रत्यक्षात उतरण्यासाठी काय लागते, एवढाच मर्यादित प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. अशा दानाला कायद्याची आडकाठी फारशी नाही. दान फसते ते शब्दांच्या मोघमपणामुळे, मिळकतीची जात न ओळखल्यामुळे आणि इच्छा पार पाडणारी व्यक्ती न नेमल्यामुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘धर्म’ या शब्दाचा खटला

रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईकडील दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १८९९ मध्ये दिलेला निर्णय या संदर्भात मुळापासून समजून घेण्यासारखा आहे. मृत्युपत्रात मिळकत ‘धर्मा’साठी ठेवली होती. आपल्याकडे त्या काळी कोणासही याचा अर्थ सहज कळला असता. धर्मशाळा, अन्नछत्र, पाणपोई, विहीर, गोरगरिबांस साहाय्य असे पुण्यकर्म दात्याच्या मनात असणार, हे उघड होते. प्रिव्ही कौन्सिलने मात्र कोशाचा आधार घेतला. धर्म म्हणजे कायदा, सदाचार, नैतिक कर्तव्य असे अनेक अर्थ होतात. इतक्या अनिश्चित हेतूची अंमलबजावणी न्यायालय कशी करणार? म्हणून ते दान रद्दबातल ठरले.

हा निर्णय तर्कदृष्ट्या निर्दोष असेल, परंतु त्याने एका समाजाची भाषाच अग्राह्य ठरविली. अर्धशतकानंतर मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (आजचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) संमत झाला. त्याच्या कलम १० ने हा दोष दूर केला. हेतू वा लाभार्थी निश्चित नाहीत एवढ्याच कारणावरून सार्वजनिक न्यास निरर्थक ठरणार नाही, असे हे कलम सांगते आणि त्याच्या स्पष्टीकरणात धर्म, धर्मादा, पुण्यकार्य, पुण्यदान हे शब्द नावानिशी नोंदविले आहेत. विधिमंडळाने लोकांच्या तोंडच्या शब्दांना असे संरक्षण द्यावे, ही दुर्मीळ गोष्ट होय.

तथापि या संरक्षणावर विसंबून मोघम लिहिणे शहाणपणाचे नाही. दान रद्द होणार नाही हे खरे, पण ते कोठे खर्च व्हावे हे दुसरेच कोणी ठरवील.

व्यापक हेतू मोघम नसतो

मग हेतू अगदी काटेकोर लिहावा काय? तेही तितकेच धोक्याचे. सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, आपली बहुतेक संपत्ती न्यासाच्या स्वाधीन केली. स्थळ, राष्ट्र वा पंथ असा भेद न करता विद्या व संशोधनाची वृद्धी आणि दुःखनिवारण, असे त्या न्यासाचे व्यापक उद्दिष्ट होते. याच न्यासाच्या पैशातून १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था, १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय आणि १९४५ मध्ये मूलभूत विज्ञान संशोधनाची संस्था उभी राहिली. यांतील एकीचेही नाव दात्याने लिहून ठेवले नव्हते. त्यांचे बंधू सर रतन टाटा १९१८ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या मृत्युपत्रातून १९१९ मध्ये निर्माण झालेला न्यास शंभर वर्षे ओलांडूनही कार्यरत आहे.

येथे क्षेत्र व्यापक असले तरी दिशा स्पष्ट आहे आणि निर्णय घेणारे विश्वस्त नेमलेले आहेत. सामान्य दात्यानेही हेच करावे. ‘अमुक शाळेस, आणि ती शाळा त्या वेळी अस्तित्वात नसल्यास तालुक्यातील मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या, निष्पादकाने निवडलेल्या नोंदणीकृत संस्थेस’ अशा एका वाक्याने पुढील अनेक वर्षांचा वाद टळू शकतो. मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाल्यास त्याच्या निकटच्या हेतूसाठी न्यायालयाकडून निर्देश मिळविण्याची सोय वरील अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये आहे. परंतु तो मार्ग लांबचा.

हयातीत की पश्चात

हयातीत द्यायचे तर बक्षीसपत्र करावे लागते. स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र नोंदणीकृतच असावे लागते, घेणाऱ्याने ते दात्याच्या हयातीत स्वीकारावे लागते आणि एरवी ते माघारी घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र शेवटपर्यंत बदलता येते. त्यास मुद्रांक शुल्क नाही व नोंदणीही ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार मात्र अनिवार्य होत.

एका निवृत्त शिक्षिकेची कल्पना करू. तिच्यापाशी स्वकष्टाची एक सदनिका आहे आणि पती वृद्ध आहेत. सदनिका आज संस्थेस दिली तर पतीचा निवारा जाईल. अशा वेळी पतीस हयातभर राहण्याचा हक्क आणि त्यांच्या पश्चात मिळकत संस्थेस, अशी रचना मृत्युपत्रात करता येते. पाश्चात्त्य देशांत ‘नियोजित दान’ म्हणून ज्याची शास्त्रशुद्ध मांडणी झाली आहे, त्याचे आपल्याकडील सर्वांत सोपे रूप हेच.

करसवलतीचा मोह येथे उपयोगाचा नाही. ब्रिटनमध्ये निव्वळ वारसा-मिळकतीचा किमान १० टक्के भाग धर्मादाय संस्थेस ठेवल्यास वारसा कराचा दर ४० वरून ३६ टक्क्यांवर येतो. आपल्याकडील मृत्युकर १९८५ मध्येच रद्द झाला आणि आयकरातील देणगीची वजावट मिळते ती हयातीत दिलेल्या रकमेवर, तीही जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यास.

मिळकतीची जात

स्वतःचे जेवढे आहे तेवढेच देता येते, हे सांगण्याची गरज वाटू नये. पण ती आहे. हिंदू व्यक्तीस एकत्र कुटुंबातील स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र १९५६ च्या उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० अन्वये करता येते. संपूर्ण वाड्याचे नव्हे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापलीकडे जाता येत नाही. गोव्यात मुले वा आईवडील असल्यास निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते. ख्रिस्ती दात्यांवर, जवळचे नातलग असल्यास, धर्मादाय मृत्युपत्र मृत्यूपूर्वी किमान बारा महिने केलेले असावे अशी अट होती. ते कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम प्रकरणात घटनाबाह्य ठरविले.

ग्रामीण दात्यास सर्वांत मोठा धक्का बसतो तो शेतजमिनीबाबत. विनोदचंद्र कापडिया प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने, कूळकायद्याखाली बिगरशेतकऱ्यास जमीन देण्यावर असलेले निर्बंध मृत्युपत्रासही लागू होतात, असे म्हटले. प्रकरण गुजरातचे होते, परंतु कायदा जुन्या मुंबई राज्याचा १९४८ चा आणि महाराष्ट्रातील कूळकायद्याचे मूळही तेच. गावच्या शाळेला दोन एकर ठेवू इच्छिणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न हयातीतच धसास लावावा.

बँकेतील ठेवीवर नाव लावले की ठेव त्या व्यक्तीची झाली, हा समजही चुकीचा आहे. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते. मालकी ठरते ती मृत्युपत्राने वा वारसा कायद्याने. भागभांडवलाबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये (शक्ती येझदानी प्रकरण) हेच सांगितले. ठेवीवर पुतण्याचे नाव आणि मृत्युपत्रात रुग्णालयाचे, अशी विसंगती ठेवणे म्हणजे तंट्यास निमंत्रण होय.

निष्पादक आणि संस्था

मृत्युपत्राने सार्वजनिक न्यास निर्माण होत असेल, तर प्रोबेट मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यांपैकी जे आधी येईल त्या मुदतीत नोंदणीचा अर्ज करण्याची जबाबदारी कलम २९ ने निष्पादकावर टाकली आहे. तेव्हा तो वयाने लहान, विश्वासू आणि कागदपत्रांचा कंटाळा नसलेला असावा. बरोबरीच्या वयाच्या मित्रास नेमण्याची आपली रीत भावनेस धरून असली तरी व्यवहारास धरून नाही. आधीच चालू असलेल्या संस्थेस देणे पुष्कळ सुटसुटीत. तेथेही संस्थेच्या हाती आलेली स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही (कलम ३६). म्हणून संस्थेस जागेऐवजी पैशाची गरज असल्यास, निष्पादकाने सदनिका विकून रक्कम द्यावी, असे लिहिणे सोयीचे ठरते.

आणि संस्थेस आधी विचारावे. महाविद्यालयांच्या पारितोषिक वितरण समारंभात जुन्या स्मृतिनिधींची यादी वाचली जाते, तेव्हा हा मुद्दा ठळकपणे जाणवतो. पाच हजार रुपयांच्या ठेवीचे सात टक्क्यांनी वर्षाचे व्याज होते साडेतीनशे रुपये. त्यात एक बरा शब्दकोशही येत नाही. व्याजाचा काही अंश मुद्दलात मिळवीत जावा आणि पारितोषिक देणे व्यवहार्य न राहिल्यास तो निधी ग्रंथखरेदीच्या निधीत विलीन करण्याची मुभा संस्थेस असावी, एवढी दोन वाक्ये दात्याने मृत्युपत्रात लिहिली, तर त्याची ठेव निदान ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत पोहोचेल.