जुनी छायाचित्रे आणि हरवलेली नावे

श्रोतेहो, छायाचित्र ही आज इतकी सर्रास वस्तू झाली आहे की, तिच्यामागे कोणा माणसाचे कष्ट होते याचा विचारही आपल्या मनात येत नाही. चित्र पाहिले की आपण चित्रातील माणसाविषयी विचारतो; चित्र कोणी काढले हे सहसा विचारीत नाही. आणि काही वर्षे लोटली म्हणजे चित्रातील माणूस कोण, याचेही उत्तर देणारा कोणी उरत नाही. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकार, त्यांची चित्रे आणि त्या चित्रांपैकी आज काय उरले आहे, याचा थोडा विचार आज आपण करू.

प्रारंभ दूरच्या एका उदाहरणाने करतो. अमेरिकेतील चार्ल्सटन या गावी १८१५ साली सॉलोमन नुनेस कार्व्हालो याचा जन्म झाला. पूर्वी स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या यहुदी घराण्यांपैकी त्याचे घराणे. धंद्याने तो चित्रकार होता. पुढे फोटोग्राफीची नवी विद्या त्याने आत्मसात केली. १८५३ साली जॉन फ्रेमाँट हा संशोधक, रॉकी पर्वतातून रेल्वेचा मार्ग काढता येईल काय हे भर हिवाळ्यात पाहण्यासाठी मोहिमेवर निघाला. या मोहिमेची छायाचित्रे काढण्याचे काम कार्व्हालोने पत्करले. कमरेइतक्या बर्फात उभे राहून, गोठलेल्या बोटांनी तो पत्रे घाशीत व चित्रे घेत असे. अन्न संपले तेव्हा मोहिमेतील लोकांनी घोडे व खेचरे मारून खाल्ली. ओझे झेपेना म्हणून त्याचे यंत्र बर्फात पुरून ठेवावे लागले. १८५४ च्या फेब्रुवारीत ही मंडळी अर्धमेल्या स्थितीत यूटामधील एका वस्तीत पोहोचली.

इतक्या कष्टाने काढलेल्या त्या चित्रांचे पुढे काय झाले? ती बहुतेक सर्व आगीत जळाली असे मानले जाते. शायेन जमातीच्या वस्तीचे एक अस्पष्ट, डागाळलेले चित्र तेवढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिल्लक आहे. बाकीच्या चित्रांवरून कोरलेले काही ठसे फ्रेमाँटच्या १८८७ साली छापलेल्या आठवणींत आले, त्यांवरून मूळ चित्रांची कल्पना करावयाची.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, यहुदी समाजातील माणसे या धंद्यात कशी आली? आणि दुसरा, इतकी चित्रे नाहीशी का झाली?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर धंद्याच्या नवेपणात आहे. दहा आज्ञांपैकी एका आज्ञेत कोरीव मूर्ती करून तिची पूजा करण्यास मनाई आहे. तेव्हा यहुदी लोक चित्रकलेपासून दूरच असावयाचे, अशी एक समजूत आहे. परंतु ती पूर्णपणे खरी नाही. पूजेची मूर्ती वेगळी आणि आप्तांची तसबीर वेगळी, हा भेद त्यांनी केला होता. दुसरे असे की, युरोपातील जुन्या धंद्यांवर कारागिरांच्या संघांची मक्तेदारी होती आणि त्यांत परक्याला शिरकाव नव्हता. फोटोग्राफी मात्र १८३९ साली जन्मलेली. तिला ना संघ, ना परंपरा, ना पिढीजात मालक. ज्याच्यापाशी थोडे भांडवल, थोडे रसायनशास्त्र आणि पुष्कळ धीर, त्याची ती. म्हणून बाल्टिमोर शहरी बेंडान बंधूंसारखे यहुदी छायाचित्रकार उदयास आले आणि त्यांनी नाव मिळविले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या कृतीत सापडते. पॅरिसच्या दागेर याने शोधलेल्या पद्धतीत, चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासून त्याला आयोडीनची वाफ देत. मग तो यंत्रात घालून प्रकाश दाखवीत, पाऱ्याच्या वाफेने चित्र उमटवीत आणि शेवटी रसायनाने ते कायम करीत. चित्र अतिशय रेखीव येई. पण ते एकच येई. त्याची प्रत निघत नसे. पत्रा गेला की चित्र गेले. १८५१ साली आर्चर या इंग्रज गृहस्थाने काचेवर कलोडियनचा लेप देण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा ही अडचण दूर झाली. काचेवर उलटे चित्र घ्यावयाचे आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर त्याच्या हव्या तितक्या प्रती काढावयाच्या. येथेच जतनाचा पहिला नियम हाती लागतो: ज्याच्या प्रती अनेक घरी पोहोचल्या, ते टिकले.

ही काचेची रीत आली त्याच सुमारास आपल्या मुंबईत फोटोग्राफीने मूळ धरले. १८५४ साली मुंबईस छायाचित्रकारांचे मंडळ स्थापन झाले. हिंदुस्थानातील हे पहिले मंडळ. कलकत्ता व मद्रास येथील मंडळे त्यानंतर, १८५६ साली निघाली. त्याच्या सभासदांत युरोपियनांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड हे होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः कुशल छायाचित्रकार होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. लेणी, शिलालेख आणि इमारती यांची नोंद ठेवण्यास माणसे तयार व्हावीत, असा त्यामागे सरकारचा हेतू होता. त्या काळी हे शिकणे सोपे नव्हते. लेप दिलेली काच ओली आहे तोवरच चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधाऱ्या खोलीत वा तंबूत नेऊन धुवावयाचे. आपल्याकडील उन्हाळ्यात लेप पाहता पाहता वाळून जाई.

या वर्गात शिकलेले एक विद्यार्थी म्हणजे हरिश्चंद्र चिंतामण. मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढून तो दीर्घकाळ चालविणाऱ्या पहिल्या हिंदी धंदेवाईकांत त्यांची गणना होते. १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. मुंबईच्या निरनिराळ्या जातींची व व्यवसायांची माणसे त्यांत आहेत, आणि त्यांपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेली आहेत.

या हरिश्चंद्र चिंतामण यांचा आपल्या बडोद्याशी असलेला संबंध मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. १८७४ साली लंडनमध्ये त्यांचे भगवद्गीतेवरील इंग्रजी विवरण प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी आपली ओळख छायाचित्रकार म्हणून दिलेली नाही. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचे राजकीय प्रतिनिधी, अशी दिली आहे. पुढच्याच वर्षी, १८७५ च्या एप्रिलमध्ये, मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले आणि कवळाण्याचे बारा वर्षांचे गोपाळराव सयाजीराव या नावाने गादीवर आले. तो इतिहास बडोदेकरांना नव्याने सांगावयास नको. पुढे हरिश्चंद्र मुंबईच्या आर्यसमाजात पुढारी झाले, आणि अमेरिकेहून १८७९ साली आलेल्या थिऑसफीच्या मंडळींचे स्वागतही त्यांनी केले. नंतर पैशांच्या हिशेबावरून त्यांचे बिनसले. छायाचित्रकार, ग्रंथकार, राजाचा प्रतिनिधी, समाजाचा पुढारी, एवढ्या भूमिका एका माणसाने केल्या. नव्या धंद्यात शिरणारा माणूस बहुधा असाच चौकस व धडपड्या असतो, मग तो चार्ल्सटनचा असो वा मुंबईचा.

आता नावांचा प्रश्न पाहू. विल्यम जॉन्सन या मुंबईच्या छायाचित्रकाराने पश्चिम हिंदुस्थानातील लोकांविषयी दोन मोठे ग्रंथ लंडनला प्रसिद्ध केले. १८६३ चा पहिला भाग गुजरात, कच्छ व काठेवाड यांवर आणि १८६६ चा दुसरा महाराष्ट्रावर आहे. स्टुडिओत बसवून काढलेल्या माणसांच्या आकृती कापून त्या दुसऱ्याच देखाव्याच्या चित्रावर चिकटवावयाच्या आणि त्याचे पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे, अशी त्याची युक्ती होती. चित्राखाली काय लिहिले आहे? नागर ब्राह्मण स्त्रिया, भाटिये, वल्लभाचार्य महाराज. जात आहे, धंदा आहे, पोशाख आहे, नाव नाही. सरकारने १८६८ ते १८७५ या काळात आठ भागांत काढलेल्या ‘पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाची तऱ्हा बव्हंशी हीच. या स्त्रिया कोणाच्या आया-बहिणी होत्या, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. चित्र टिकले आणि माणूस हरवला. कार्व्हालोची मोहीम आठवा: तेथे माणसाचे नाव टिकले आणि चित्रे हरवली. हानी दोन्हीकडे सारखीच.

बडोद्यात या विद्येचे शिक्षण देण्याचे श्रेय कलाभवनाकडे जाते. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवनाची स्थापना केली. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके हे त्याच सुमारास तेथे शिकावयास आले. छायाचित्रण आणि छपाईच्या नाना कृती त्यांनी तेथेच हस्तगत केल्या. पुढे गोध्र्यास त्यांनी छायाचित्राचा धंदा मांडला. परंतु तेथे प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले. परत येऊन त्यांनी बडोद्यात स्टुडिओ काढला, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी होते, अशी अफवा शहरात उठली व गिऱ्हाईक फिरकेनासे झाले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. आज आपण त्या अफवेस हसतो. पण ज्यांनी त्या भीतीने चित्र काढून घेतले नाही, त्यांची मुद्रा त्यांच्या पणतवंडांना कधी दिसली नाही, हेही खरे. याच फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. त्याचाही काही भागच आज पुण्याच्या संग्रहालयात उरला आहे, आणि तो १९१३ चा की १९१७ साली पुन्हा घेतलेल्या आवृत्तीचा, याविषयी जाणकारांत वाद आहे.

याच्या उलट उदाहरण राजा दीनदयाळ यांचे. मीरतजवळच्या सरधन्याचा हा जैन गृहस्थ इंदूरला नोकरीत असताना छायाचित्रण शिकला आणि पुढे निजामाच्या दरबारी छायाचित्रकार झाला. सिकंदराबाद व मुंबई येथे त्याचे स्टुडिओ होते. १९०५ साली तो वारला. पण काचेच्या पट्ट्या जपल्या गेल्या, आणि १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांपैकी २,८५७ पट्ट्या आपल्या संग्रही घेतल्या. काच ही नाजूक वस्तू. पण कोणी मनावर घेतले तर तीही शंभर वर्षे टिकते.

आपल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी बांधवांचे, म्हणजे बेने इस्राएल समाजाचे, उदाहरणही लक्षात घेण्यासारखे आहे. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. नऊवारी नेसलेली आजी, पगडी घातलेले आजोबा अशी चित्रे ज्या घराने बरोबर नेली, त्या घरातील मुलांना आपले मूळ आवास, चौल, पेण या बाजूचे आहे हे दाखविण्यास एक पुरावा तरी हाती राहिला. देश बदलला, भाषा बदलू लागली. अशा वेळी एक पिवळा पडलेला कागद दस्तऐवजाचे काम करतो.

आणि स्थलांतर काही त्यांनीच केले असे नाही. आपण बडोद्याचे मराठी लोकही पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी कोठून तरी येथे आलेलो. वाडी, रंगमहाल या भागांतील जुनी घरे एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती येत आहेत. घर मोकळे करताना भांडी मोजली जातात, दागिने वाटले जातात. माळ्यावरचा तसबिरींचा गठ्ठा मात्र रद्दीवाल्याकडे जातो. मी शिक्षक आहे. इतिहासाच्या तासासाठी घरातील सर्वांत जुने छायाचित्र पाहून या, असे मी मुलांना सांगतो. मुले उत्साहाने पाहून येतात. परंतु आजोबांच्या पलीकडच्या माणसाचे नाव सांगणारा विद्यार्थी वर्गात एखादाच निघतो. ज्या घरांत जॉन्सन साहेब कधी आला नाही, तेथेही आपण होऊन आपण त्याचेच काम करीत आहोत: चित्र ठेवतो आणि नाव पुसतो.

यावर उपाय अवघड नाही. घरातील वडील माणसांजवळ एक दिवस बसावे आणि प्रत्येक चित्रातील माणसाचे नाव, गाव, नाते व अदमासे साल विचारून घ्यावे. ते चित्राच्या पाठीमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाईने लिहू नये, कारण ती पुढच्या बाजूस उतरते. मागे स्टुडिओचा छाप असल्यास तो झाकू नये. कित्येकदा छायाचित्रकाराचा तोच एकमेव पुरावा असतो. चिकटपट्टी व गोंद यांचा उपयोग टाळावा. काचेच्या पट्ट्या सापडल्या तर त्या पाण्याने धुऊ नयेत. कागदी पाकिटात घालून उभ्या ठेवाव्यात. शेवटी, प्रत्येक चित्राची एक प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे अवश्य द्यावी. हल्ली खिशातील फोनवरही अशी प्रत क्षणात निघते. कार्व्हालोजवळ ही सोय असती तर एका आगीने त्याचा हिवाळा पुसला गेला नसता.

श्रोतेहो, ग्रंथालये आणि संग्रहालये राजांची व दरबारांची चित्रे जपतील. ते त्यांचे काम आहे. सामान्य माणसाचे चित्र त्याच्या घरानेच जपले पाहिजे. आपल्या घरातील ज्या वृद्धांना ही नावे ठाऊक आहेत, त्यांना आज विचारता येईल. या कामासाठी पुढच्या दिवाळीच्या साफसफाईची वाट पाहू नये, एवढीच विनंती.